अर्ध्या मंत्र्याचा हुकूम

आमचे वडील सोलापूरच्या गिरणीत मागावर काम करत आणि घरी आले की जगाची टिंगल करत. आमच्या मुलींच्या शाळेत शिक्षणमंत्री येणार, असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यो कसला मंत्री? शाळा त्येच्याकडं आन् तिजोरीची किल्ली गोऱ्या सायबाकडं!"

ते काही खोटं नव्हतं. इंग्रज सरकारच्या नव्या सुधारणांनी शिक्षणखातं आपल्या माणसाकडे आलं होतं, पैसा मात्र साहेबाकडेच राहिला होता. लोक त्याला अर्धा मंत्री म्हणत. मला त्या अर्ध्या-पाऊणाशी काही देणंघेणं नव्हतं. माझं नाव त्याच आठवड्यात पटावरून निघणार होतं.

आईही गिरणीत जाई, म्हणून अकरा महिन्यांचा भाऊ दिवसभर माझ्या कडेवर असे. वर्गात तान्हं मूल चालणार नाही, असा नियम होता. त्याला घेऊन गेलं की गैरहजेरी लागे, अन् घरी राहिलं तरी लागेच. हेडमास्तरीणबाई वाईट नव्हत्या, पण नियमाला भिऊन होत्या.

मंत्री आले त्या दिवशी वर्ग भरलेला दिसावा म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं, आणि शाळेच्या म्हाताऱ्या मोलकरणीने माझ्यासारख्या सहाजणींची तान्ही भावंडं कोठीत नेऊन बसवली. मंत्र्यांनी नेमकं मलाच वाचायला उभं केलं. धडा अर्ध्यावर आला आणि कोठीतून रडणं ऐकू आलं. आवाज आमच्याच बाळाचा. मी थांबले.

"काय झालं, बाळ?" मंत्र्यांनी मला विचारलं.

बाई डोळे वटारत होत्या. पण मला खोटं सुचेना. "माजा भाऊ रडतोय. कोठीत हाय."

त्यांनी कोठी उघडायला लावली. आत मोलकरीण दोन मांडीवर आणि चार भोवती घेऊन घामाघूम बसली होती. मंत्री हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी बाईंकडून नियम वाचून घेतला आणि म्हणाले, "बाई, नवी खोली मागाल तर मी देऊ शकणार नाही. पण हा नियम माझ्या हातातला आहे. तो बदलल्याचा हुकूम येईपर्यंत एकीचंही नाव काढू नका." मग मला म्हणाले, "घे त्याला, आणि राहिलेला धडा वाच."

मी वाचला. बाळाने पानाचा कोपरा फाडला, तरी कोणी ओरडलं नाही. त्या माणसाबद्दल मला तेव्हा जे वाटलं, तेच आज म्हातारपणीही वाटतं. पुढे किल्लीसकट मंत्री आले, दिल्लीत सबंध देशाचा शिक्षणमंत्री झाला. पण माझा मंत्री तोच.

हुकूम यायला वर्ष लागलं. तोवर भाऊ गल्लीभर पळत होता. वडिलांना आयतंच सापडलं. "आला व्हय हुकूम? आता काय लोणचं घालतीस त्येचं?"

दोन महिन्यांनी धाकटी बहीण झाली. आई पुन्हा गिरणीत जाऊ लागली तेव्हा, आता शाळा सुटली, असं धरून मी घरीच बसून राहिले. वडिलांनी बहिणीला उचललं, माझं दप्तर काखेत मारलं आणि मला ओढतच शाळेच्या दारात नेलं.

"मंत्र्याचा हुकूम हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग घे की हिला, आन् बस आत."

चौथीची परीक्षा मी तिला मांडीवर घेऊन दिली.