रस्त्याकडेच्या पालकाच्या ओळी

चाळिशीत मी वनस्पतिशास्त्रात पीएचडीला नाव घातलं. वाहनांच्या धुरात कोणती झाडं टिकतात आणि कोणती पिकं मान टाकतात, हा विषय. तोडलेली पानं लगेच बर्फात घालून प्रयोगशाळेत न्यावी लागत. म्हणून थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मी स्कूटरवर मागे बसायची, आणि फौजेतून निवृत्त झालेले माझे सासरे, आमचे मामंजी, स्कूटर चालवायचे.

झाडांचं काम सोपं होतं. आमच्या या हिंदीभाषक शहरातल्या किला गेटजवळच्या पिंपळाची पानं पुसली की कापड काळं व्हायचं, पण खालचा हिरवा रंग शाबूत असायचा. अडलं ते पिकांपाशी. बिर्ला नगरच्या पुढे, ट्रकच्या रस्त्याला लागून एका बाईचं पालकाचं शेत होतं. मी पानं मागितली, तर तिने हातातला विळासुद्धा खाली ठेवला नाही.

"कल को लिख दोगी कि सब्ज़ी ज़हरीली है. फिर कौन लेगा?"

तिचं चुकत नव्हतं. मी रिकामा डबा बंद केला. मामंजी मात्र बांधावर बसून तिच्याशी गव्हाच्या, म्हशीच्या गोष्टी करत राहिले. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःच ओळीओळीतून पानं तोडून दिली.

रस्त्याजवळची पानं लहान, पिवळ्या ठिपक्यांची निघाली. आत जावं तशी ती बरी होत गेली. हे सांगायला मी उत्साहाने गेले. ती म्हणाली, "ये तो मुझे मालूम है. वहाँ क्या लगाऊँ, ये बताओ."

परतताना मला स्वतःचीच लाज वाटली. इतके दिवस मी नुसतं मोजत होते.

"बेटा, दुभाजकावर काय जगतं ते बघ ना," मामंजी म्हणाले. "तिथे तर कोणी वेळेवर पाणीही घालत नाही."

दुभाजकावर कण्हेर होती. तिची पानं तपासली, चांगली निघाली. कण्हेर विषारी असते, म्हैस तोंड लावेल, हेही मी बाईंना सांगितलं. "भैंस बंधी रहती है," एवढंच त्या बोलल्या. त्यांनी रस्त्याकडच्या दोन ओळी काढून कण्हेर लावली, मध्येमध्ये हौसेने मोगराही. मोगरा पहिल्याच उन्हाळ्यात गेला. कण्हेर दोन वर्षांत छातीएवढी झाली.

मग मी कण्हेरीच्या आडोशाचा पालक तपासला. आधीपेक्षा बरा होता, पण आतल्या ओळींसारखा नव्हता. तसंच सांगितलं.

"जितना हुआ, उतना हुआ," त्या म्हणाल्या आणि जुड्या बांधू लागल्या.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते हा भाग प्रबंधात बसत नव्हता. मी तो परिशिष्टात टाकला. शेजारच्या दोघांनीही आता बांधावर कण्हेर लावली आहे. बाईंच्या कण्हेरीच्या लावायच्या फांद्या मामंजीच स्कूटरवरून पोचवून आले.