देवीला विचारून दिलेलं मत

एकोणीसशे सदतीस सालातली गोष्ट. हातखंब्याजवळच्या एका गावात मी लोकल बोर्डाच्या शाळेचा मास्तर होतो. कायदेमंडळाची निवडणूक आली आणि नव्या कायद्यानं गावातल्या चार-दोन बायकांनाही मत मिळालं. शाळेशेजारची काकी त्यांतली एक. खोताचं कूळ, विधवा, दोन मुलगे मुंबईला गिरणीत. खोताचा मळा कसून भात पिकवायची. जीभ अशी तिखट, की तिच्या बांधावर गुरं चरायला सोडायची कुणाची टाप नव्हती.

खोतानं आपला माणूस उभा केला होता. समोरचा उमेदवार खोती मोडून जमिनी कुळांना द्यायच्या म्हणत होता. कुळं बिथरतील म्हणून खोतानं आधीच सगळ्यांना देवळात बोलावलं आणि बेलभंडार उचलायला लावला, की मत आपल्याच माणसाला देईन. काकीनंही शपथ घेतली. न घेऊन करते काय? मळा खोताचा.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर येऊन बसली. "गुरुजी, माजं मत त्या दुसऱ्याला द्यायचं हाय. काय करू?"

चिठ्ठी गुप्त असते, हे मी तेव्हा गावभर असल्या तोऱ्यात सांगत फिरे, की जसा काही तो कायदा मीच केला होता. म्हटलं, "काकी, खुशाल द्या. पेटीत कोण डोकावतंय? कळायचंय कुणाला?"

"देवीला कळंल ना!" ती कडाडली. "शिकलेलं मानूस तुमी, आनि मला चोरी शिकवता?"



मतदानाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती ग्रामदेवीच्या देवळात गेली. खोत सभामंडपात पान लावत बसला होता, बाकीची कुळंही होती. मीही तिच्यामागून गेलो होतो. तिनं गुरवाला सांगितलं, कौल लाव. ओल्या फुलांच्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच ठरे, पण मताचा कौल कुणी ऐकला नव्हता.

"काय गो," खोत म्हणाला, "दिलेला शब्द फिरवायला आलीस?"

"फिरवायला नाय. सोडवून घ्यायला," ती म्हणाली.

गुरवानं पाकळ्या चिकटवल्या. त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, हिला शपथेतून मोकळी कर." पाकळी पडली. डावी.

खोत मोठ्यानं हसला. मला वाटलं, संपलं. पण काकी जागची हलली नाही. "दुसरा कौल लाव," ती गुरवाला म्हणाली. "मी शपथ मोडली, तर शिक्षा माज्या एकटीवरच पडंल ना? पोरांवर नाय ना? येवढं इचार."

गुरवानं पुन्हा पाकळ्या लावल्या. बराच वेळ काही पडेना. मग उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"झालं तर!" काकी उठली, पदर सावरला. "माज्यापुरतंच असंल तर मी फेडीन." आणि खोताच्या समोरून पायरी उतरून गेली. अहो, काय बाई होती! त्या दिवसापासून आजवर मी कुणापुढे एवढा मनापासून वाकलेलो नाही.

मतदानाला गावातले झाडून सगळे मतदार हातखंब्याला गेले. खोतानं बैलगाड्या दिल्या होत्या. मी गाडीत बसलो. काकी चालत आली. "ज्याला मत द्यायचं नाय, त्याची गाडी कशाला?" म्हणाली.

माझी पाळी आली. आडोशाला मी एकटाच होतो, बघायला चिटपाखरू नव्हतं. तरी मनात आलं, बोर्डात खोताचं वजन, कुणाला कळलं आणि बदली झाली तर? आणि मी, खोती मोडायला हवी असं रोज तावातावानं बोलणारा मी, खोताच्या माणसाला मत देऊन बाहेर आलो.

परतताना गाडीत बसवेना. काकीबरोबर चालत निघालो. वाटेत तिनं सहज विचारलं, "गुरुजी, तुमी कुनाला दिलंत?"

"तुम्ही दिलंत त्यालाच," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि इतकी आनंदली, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेरणीच्या तोंडावर खोतानं तिचा मळा काढून घेतला. मी भीतभीत तिच्या दारात गेलो. ती दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला निघाली होती. "गुरुजी, देवी शब्दाला जागली हो," ती म्हणाली. "माज्या एकटीवरच आलं. पोरगे सुखरूप हायत, आनि तुमालाबी कायसुद्धा झालं नाय."