दवाखाना विकून न गेलेले दादा

डॉक्टरदादांनी मला फसवलं. माणूस गेल्यावर असं लिहू नये, हे मला कळतं. पण हे मी त्यांना तोंडावर अकरा वर्षं सांगत आलो, आणि दर वेळी ते हसून पानाला चुना लावत राहिले. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी जेवून पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. बातमी कुणाला लांबून आणावी लागली नाही. त्यांची पडवी आणि माझा दवाखाना यांच्यामध्ये बैलगाडी जाईल एवढीच पाणंद आहे. शेजारची बाई ओरडली, "डाक्टरानू, वायच येवा, दादा ओ देनत नाय..." मी धावत गेलो, मनगट हातात घेतलं. अकरा वर्षांत दादांची नाडी मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती नव्हती.

मिठबावातला हा दवाखाना त्यांनी तीस वर्षं चालवला. मी त्या वेळी मुंबईत होतो. एका दवाखान्यात बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली, मग कंपाउंडर झालो, आणि वैद्यकीची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालो. मला कुणी हात धरून वर आणलेलं नाही. दादांची बायको वारली, एकुलती मुलगी शालू मुंबईला सासरी, ती बापाला बोलावतेय, म्हणून ते दवाखाना देऊन टाकणार असं कानावर आलं, तसा मी बोट पकडून देवगडला उतरलो. दोन दिवस घासाघीस केली. काचेच्या कपाटाला तडा होता, तो दाखवून भाव पाडला. बाकाचा एक पाय लंगडा होता, तो बाक फुकटात पदरात पाडून घेतला. दादा सगळ्याला "बरां, बरां" म्हणत होते. शेवटी मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, "दादानू, माका कपाट नको, माका माणसां व्हयी. तुमी हयसरच बसलात तर माझ्याकडे कोण येतलो? म्हयन्याभरात गाव सोडतंय, असा लिवन देवा." त्यांनी स्टँपाच्या कागदावर लिहून दिलं, खाली सही केली.

एवढा हुशार मी, पण एक गोष्ट विसरलो. माझा जन्म इथून दोन कोसांवरचा, विसरायला नको होतं. आमच्याकडे जन्माचं गाव कायमचं सोडायचं तर आधी ग्रामदेवतेला विचारतात, कौल घेतात. दादा देवळात गेले, मीही मागोमाग गेलो. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओले तांदूळ चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं. उजवा दाणा पडला तर जायचं, डावा पडला तर राहायचं. बराच वेळ दोन्ही दाणे तसेच चिकटून राहिले... आणि डावा पडला. मी तिथंच भडकलो. "दादानू, कागदावर तुमची सही आसा!"

"आसा तर," दादा म्हणाले. "जा रे, देवाक दाखव तो कागद."

सगळं देऊळ हसलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा डावा. तिसऱ्या वर्षापासून त्यांनी विचारायचं सोडलं, आणि मीही आठवण करायची सोडली.

मग जे व्हायचं तेच झालं. रोगी पाणंदीने यायचे ते आधी पडवीकडे वळायचे. दादा त्यांना माझ्याकडे पिटाळायचे. "माका कित्याक सांगतंस गो? दवाखानो तेचो आसा." एक म्हातारी तर माझ्यासमोर म्हणाली, "दुखता खंय तां मी दादांकाच सांगतलंय. ह्या नव्या डाक्टरान सुई मारूची." मी रागाने लाल. दादा पलीकडून ओरडणार, "रे, सुई मारुच्या आधी जीभ बघलंस काय तिची?" मी बघितलेली नसायची.

एकदा मासेमारी होडीच्या एका तांडेलाला पोटात कळा येतात म्हणून चौघांनी उचलून आणलं. मी एरंडेल काढून पेल्यात ओततही होतो. दादा पाणंद ओलांडून आले, त्याच्या पोटाला उजवीकडे खालच्या बाजूला बोटं दाबली, आणि पेला माझ्या हातातून काढून खिडकीत ठेवला. मी काही बोलायच्या आत त्या चौघांना म्हणाले, "नव्या डाक्टराक शंका इली हा. तो म्हणता, एक थेंब पाजू नको, गाडी बघा आणि मोठ्या इस्पितळात व्हरा." अपेंडिक्स होतं. जुलाब दिला असता तर माणूस हातचा गेला असता. महिन्याने तांडेल भलीमोठी सुरमई घेऊन आला, ती माझ्याकडे, दादांकडे नाही. मी ती खाल्ली आणि दोन दिवस दादांशी बोललो नाही.

कशासाठी रागावलो होतो, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगतो. गावाला माझ्याकडे पिटाळणारे दादा स्वतः मात्र माझ्या हाती नाडी देत नव्हते. या अकरा वर्षांत दादांना दोनदा सणसणून ताप आला. दोन्ही वेळा मी पिशवी घेऊन पडवीत उभा राहिलो, आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच काढा उकळून घेतला. "रवांदे रे, बरो होतंय." मनगट पुढे केलं नाही ते नाहीच.

बाराव्याला शालू अंगणात सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुमच्यामुळे बाबा मला मिळाले नाहीत."

मी म्हटलं, "माझ्यामुळे? देवाने कौल दिला नाही म्हणून राहिले ते."

"कसला कौल? एकाही पत्रात देवाचं नाव नाही. दर पत्रात एकच, नवा डॉक्टर अजून कच्चा आहे, जरा तयार झाला की निघतो. अकरा वर्षं मी तुमच्या तयार होण्याची वाट बघत बसले!"

मी, ज्याने आजवर कुणाचं ऐकून घेतलं नाही, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पाणंद ओलांडून दवाखान्यात जाऊन बसलो.

आता माणसं सरळ माझ्या बाकावर येऊन बसतात. दुखणं मलाच सांगतात. मागितलं होतं तेच मिळालं. मी जीभ बघतो, पोट दाबून बघतो, आणि औषध लिहिण्याआधी मान आपोआप वर होते. समोरून कुणी ओरडत नाही. मग हात तसाच थांबतो, आणि रोगी विचारतो, "काय झाला, डाक्टरानू?"

शालू, तू मला चारचौघांत दोष दिलास, आता चारचौघांत उत्तर दे. ती सगळी पत्रं तुझ्याकडे आहेत. या गावात मी अकरा वर्षं सुया टोचल्या, बाळंतपणं केली, भर पावसात होडीतून रोगी नेले. तेव्हा शेवटचं पत्र काढ आणि नीट वाच. मी तेव्हाही कच्चाच होतो का? असेन तर तसं कळव, मी सहन करीन. पण कुठे कोपऱ्यात, शाईचा डाग पडलेल्या ओळीतसुद्धा, 'झाला एकदाचा' असं काही लिहिलेलं असेल, तर ते मला मिळालंच पाहिजे. तोंडी नको. त्यांच्या अक्षरातलं पाठव.