साऱ्या कळपाचं औषध

कुणी नुसतं "डोकं दुखतं" म्हणलं की ती हातातलं खुरपं खाली ठेवायची, अंगठ्याची माती लुगड्याला पुसायची अन् म्हणायची, "डोळा दाव." मंग त्या अंगठ्यानं समोरच्याची खालची पापणी वढून आत पाहायची. लाल दिसलं तर "रगत हाय, काम कर." पांढरं दिसलं तर "हिला सावलीत बसू द्या." मुकादमाचा डोळा बी तिनं असाच पाह्यला होता. तो बिचारा गपचिप उभा राह्यला. मेंढरांचं रगत असंच पाहतेत म्हणं. ती धनगराची. तिच्या लेखी मेंढरू काय अन् माणूस काय, पापणीच्या आत सारखंच.

तुमी बी पाह्यल्या असतील अशा बाया. सकाळी कंपनीच्या गेटातून आत जातेत अन् लॉनवर उकिडव्या बसून दिसभर गवत उपटतेत. आमी त्यातल्याच. दुष्काळात आमच्या विहिरीनं बूड दावलं, तवा मी नवऱ्यासंगं बजाजनगरच्या मागं पत्र्याच्या खोलीत आले. शेजारच्या खोलीत ती आली, सिल्लोडच्या अंगाची. संगं म्हातारा नवरा, ल्योक, सून अन् सुनेच्या अंगावर पिणारं पोर. मेंढरं चाऱ्यावाचून विकली होती. पह्यलं उन्हाळ्यात त्यांचा कळप ज्या रानात बसायचा, तिथं आता प्लाटिंगचे दगड रवले होते. ती जाता-येता बोट करून दावायची, "हितं आमची मेंढरं बसायची. हितं माझी सून बाळंत झाली." तिथं एका मास्तराचा बंगला उभा राहत होता.

कंपनीचं लॉन तिला कंदी समजलं नाय. गावाला प्यायला पाणी नाय अन् हितं फवारे. "पाणी घालून वाढवायचं, अन् खायला कुणी नाय," म्हणायची. मुकादम म्हणायचा, "मावशी, शोभेला असतं ते." ती म्हणायची, "आसंल."

नळाला पाणी होतं, म्हणून ती प्यायची. लई प्यायची. ओंजळीवर ओंजळ. वाचमन हसायचा, "मावशी, बोर आटंल आमचा." ती तोंड पुसून म्हणायची, "दुष्काळाची तहान हाय रं, एका नळानं काय व्हतंय." आमाला बी ते पटलं. ती वाळत चालली, सारखी भिंतीमागं जायची, बसल्या जागी पेंगायची. आमी म्हणलं, मेंढरं गेल्याचं दुख हाय. दुष्काळात कुणाचं काय कशानं गेलं, हे कोण पाहतंय.

मंग कंपनीच्या गेटावर तपासणी ठेवली. बोटाला टोचून रगत पाह्यलं. कवळी डाक्टरीण होती, बोलायला चांगली. म्हणली, "मावशी, तुमाला शुगर आहे. बरीच वाढलीय. रोज जेवणाच्या वेळंला गोळी घ्यायची."

"किती दिस?"

"आता कायमच."

घरी येताना ती रस्त्यात थांबली अन् मला म्हणली, "साखरेचा च्या मी माझ्या लग्नात पेले. मंग समदा गुळाचा, अन् गूळ नसला तर कोरा. रगतात साखर कुणाची गं ही?" बसून खाणाऱ्याचं दुखणं म्हणून आमी हे ऐकलं होतं. तिला तर दोन वर्सं धड पोटाला नव्हतं.

गोळ्या सरकारी दवाखान्यातून आणल्या. मला वाटलं, खात आसंल. तब्येतीत तर फरक दिसंना. एक दिस जेवायच्या सुट्टीत तिनं पदराची गाठ सोडली, अर्धी गोळी माझ्या हातावर ठेवली अन् म्हणली, "खा. कडू नाय."

मी म्हणलं, "मला कशाला?"

तवा कळलं. ती गोळ्या समद्या घराला देत होती. ल्योकाला, सुनेला च्यामंदी कुटून. म्हाताऱ्याला तर आख्खी, तो थकलेला दिसतो म्हणून. स्वतःला काय उरंल ते. मी म्हणलं, "अगं, ही लागण नाय. तुझी गोळी तुझ्यापुरती."

तिनं माझ्याकडं असं पाह्यलं, जशी मीच अडाणी. म्हणली, "तू कंदी मेंढरं राखली का? एकीला बिमारी दिसली म्हंजे समद्या कळपात शिरली. ज्या दिवशी एक पांगळली, त्याच दिवशी बांबूच्या नळकांड्यानं साऱ्यांना औषध पाजायचं. एकीलाच पाजून जो निजतो, तो सकाळी रिकाम्या वाड्यात उठतो." तिच्या सासऱ्यानं असंच कळप वाचवले होते, तिनं बी वाचवले होते. त्याच्यात खोट नव्हती. मी लई समजावलं. तिनं माझ्या हातातली अर्धी गोळी परत गाठीत बांधली अन् म्हणली, "तू मेली तर मंग मला सांगू नको."

ऐतवारी म्हातारा खंडोबाचा उपास धरायचा. उपाशी पोटी तिनं त्याला गोळी दिली. दुपारी तो दारात बसल्या बसल्या घामानं भिजला, हातपाय कापाया लागले, अन् एका अंगावर कलला. डोळे उघडे, पण वळखीना. ल्योकानं रिक्षात घातला. मी संगं गेले. दवाखान्यात साखरेचं पाणी शिरंतून चढवलं, तवा म्हातारा बोलता झाला. डाक्टरनं इचारलं, यांनी काय खाल्लं. तीच पुढं झाली अन् म्हणली, "मी गोळी दिली. घरात समद्यांनाच देते." तिला वाटलं, डाक्टर शाबासकी दील.

ल्योक वाईट नव्हता. तुमी त्याला नाव ठेवायच्या आधी इचार करा, त्याची बायको त्याच च्यावर लेकराला पाजत होती. तो दवाखान्यात वरडला नाय. घरी येऊन हळूच म्हणला, "आई, आजपस्तोर तू दिलं ते डोळे मिटून खाल्लं. आता तुझ्या हातचं पाणी बी नको."

त्या दिवसापून तिचं ताट येगळं झालं. चुलीपाशी यायचं नाय, भांड्याला हात लावायचा नाय. गोळ्या ल्योकाच्या ताब्यात. तो रोज एक आणून तिच्या हातावर ठेवायचा, पाणी द्यायचा, अन् गिळस्तोर उभा राहायचा. ती जिभंखाली ठेवायची, अन् तो गेला की थुकायची. लॉनवर मी तिला झापलं, "मरायचंय का तुला?"

ती खुरपं चालवतच म्हणली, "तवा मला वाटलं घराला रोग हाय. म्हंजे इलाज बी घराचा. आता समदे म्हणतेत, रोग तुझ्या एकटीला हाय. कळपात एकच खराब निघाली तर तिला औषध नसतं पाजत. तिला बाजारात काढतेत."

मी म्हणलं, "माणसाला बाजार नसतो गं."

"नसतो व्हय?" म्हणली, अन् पुढच्या वाफ्याला सरकली.

त्या सालात तिची नजर निम्मी गेली. गवत अन् लॉन तिला सारखंच दिसाया लागलं, दोन्ही उपटायची. मुकादमानं कामावरून काढलं. ल्योकाला कंपनीत पर्मनंट केलं, त्यानं नव्या कालनीत दोन खोल्या घेतल्या. गावाकडं हवा चांगली म्हणून तिला तिकडं धाडलं. म्हाताऱ्याला दवाखाना जवळ पायजे म्हणून त्याला हितं ठेवलं. जाताना म्हातारा टेम्पोपस्तोर आला, तिचं गठुडं वर ठेवलं, अन् माघारी फिरला. जलमभर संगं चाललेली माणसं.

पुढं दोन वर्सांनी ती गेली. मला लई उशिरा कळलं. पण त्याच्या आधी एकदा मी सिल्लोडकडं एका लग्नाला गेले होते, तवा वाट वाकडी करून तिच्या गावाला उतरले. एक खोली, एक बाज. दारातून मी हाक मारली, तर आवाजावरून वळखलं. बस म्हणली. च्या केला नाय. मी इचारलं, जेवली का, तर म्हणली, भाकर हाय सकाळची. भाकर खाऊन तिनं उशापासली पिशवी चाचपली, गोळी काढली.

मला बरं वाटलं. म्हणलं, "खातीस तर मंग."

"खाते," म्हणली. "येळच्या येळंला, आख्खी. आता हितं कोण हाय वाटून द्यायला?"

अन् तिनं तोंड भिंतीकडं केलं अन् गोळी गिळली, जशी काय चोरून खाती. मी रस्त्याकडं पाहत बसले.