थांबलेला आकडा

चौसाळ्याजवळ मळीचा टँकर आमच्या बसशेजारून गेला आणि त्या वासाने मला साखर कारखान्यातली एक दुपार आठवली. यंत्रांची मोजमापं पडद्यावर दाखवणारा सर्व्हर चालू असतानाच त्याला नवं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा नवा तुकडा, जोडता यावा, अशी सोय मी सी भाषेत लिहिली होती. पहिलं नवं मॉड्यूल जोडलं आणि पडद्यावरचा बॉयलरचा दाब एका आकड्यावर स्थिरावला. मी खूश झाले.

तेवढ्यात बॉयलर सांभाळणारे काशिनाथमामा दारात आले. "मॅडम, आकडा कावून हालंना? तिकडं काटा लई वर गेलाय!"

नव्या मॉड्यूलने दाब वाचणाऱ्या जुन्या मॉड्यूलच्या मेमरीवर लिहून ते बंदच पाडलं होतं. मामांनी धावत जाऊन वाफ सोडली. खिडक्या थरथरल्या.

तेव्हा चूक लगेच सापडल्याचंच मला कौतुक वाटलं होतं. आता डोळ्यांसमोर येतात ती त्या दुपारी बॉयलरच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून भाकरी खाणारी माणसं. ती किती थोडक्यात वाचली, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.