फणीवरचा पास्ता

साहेब महिनाअखेरीस जाणार हे कळल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. रावेतला त्यांच्याकडे मी स्वयंपाक करते. ते इटलीचे, चाकणच्या कंपनीत होते. कॉन्ट्रॅक्ट संपलं. काम मला दुसरं मिळेल हो, पण रविवारचा पास्ता गेला ना! कालपासून दोनदा भाजीत मीठ विसरले.

तो पास्ता मला त्यांच्या आईनं शिकवला. म्हातारी चार महिने इथं येऊन राहिली होती. बोटं आखडलेली, तोंड मात्र खणखणीत. मैदा अंड्यात मळायचा, लाटून छोटे चौकोन कापायचे, एकेक चौकोन बारीक काठीवर गुंडाळून लाकडी फणीवरून दाबून फिरवायचा. रेघांची नळी तयार. मी म्हटलं, अगं बाई, हे तर आमचे फणुले! लग्नाआधी बायका जमून वळवटाला बसतात, तेव्हा शेवयांबरोबर आम्ही असेच वळतो. तिला काही कळलं नाही. माझी नळी उसवली की हातावर फटका मारायची.

जायचं ठरलं तसं साहेब मोडक्या हिंदीत म्हणाले, "दीदी, व्हिडिओ काढून ठेवतो. तिकडे बघून करीन." मला रागच आला. काठावर बसून कुणाला पोहता येतं का? म्हटलं, हात धुवा आणि बसा. त्यांच्या घरी पुरुषांनी याला कधी हात लावला नव्हता. दोन रविवार त्यांच्या नळ्या उकळत्या पाण्यात सुटून तरंगायच्या. मी चिडायचे, तेही चिडायचे, आणि दिवस संपत चाललेले.

तिसऱ्या रविवारी त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावून ताट दाखवलं. एका वाकड्या नळीवर बोट ठेवायला लावून तिनं विचारलं, ही कुणाची? साहेबांचा चेहरा पडला, म्हणून मीच "माझी" म्हणाले. म्हातारी हसली.

"आई म्हणते, तू खोटं बोलतेस," साहेब म्हणाले.

मग तिनं विचारलं, हा गेल्यावर तू कुणासाठी वळणार? मी एकदाचं सांगून टाकलं. कुणासाठीच नाही. आमच्यात वळवटाला सवाष्णी बसतात. नवरा गेल्यापासून मला कुणी पाटाला हात लावू देत नाही. सख्ख्या पुतणीचं लग्न ठरलंय, पण वळवटाला मला बोलावणं नाही. फार लागतं मनाला.

साहेबांनी हे आईला सांगायला वेळ लावला. ती भडाभडा बोलत सुटली. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तीन वर्षांचा होतो तेव्हा बाबा गेले. त्याच आठवड्यात आईनं हा पास्ता वळून विकायला काढला. त्यावरच मी वाढलो."

मी पिठाचे हात पुसले आणि तिथूनच जावेला फोन लावला.

"वळवट कधी आहे?"

ती चाचरली. "सोमवारी."

"मी येतेय. माझा पाट मांडून ठेव."