नालोंगो खाली उतरली

नासेर रोडवर प्रोस्कोव्हिया नबुकीराला नावाने कुणी हाक मारत नसे. जुळ्यांची आई, म्हणून सगळ्या कंपालाची ती नालोंगो. नवरा गेल्यावर छापखाना तिने एकटीने ओढला आणि नावारूपाला आणला. बोलणं फटकळ, हुकूम पक्का, आणि आपलं कधी चुकत नाही याची खात्री त्याहून पक्की.

एका दुपारी तिने कोपऱ्यावरून रोलेक्स घेतला. अंड्याची ती गरम चपाती ज्या कागदात गुंडाळली होती, तो तिच्याच छापखान्यातला निघाला. शाळेच्या पुस्तकाचा ताव, निळा रंग सरकलेला.

"तुमच्या कृपेने कागदाला तोटा नाही, नालोंगो!" चपातीवाला हसला.

तिला ते झोंबलं. तिने सल्लागार बोलावला. त्याने कामगारांना शिकवलं, की लागेल तेवढंच छापा, हत्यारं जागच्या जागी ठेवा, खोट दिसली की मशीन तिथंच थांबवा. भिंतीवर रंगीत तक्ते लागले. नालोंगो माळ्यावरच्या काचेच्या खोलीत निश्चिंत बसली. रद्दीचा ढीग मात्र हटेना.

"शिकवलेलं सगळं चहाबरोबर प्यायलात की काय?" ती जिन्यावरून कडाडली.

मशीनमन लुबोवाने हात पुसले. "नाही, शिकलो की. पण मशीन थांबलं रे थांबलं की तुम्ही वरून काच बडवता. मग थांबवणार कोण?"

"म्हणजे चूक माझी?"

"मी कुठं म्हटलं? एकदा खाली बसून बघा, एवढंच."

दुसऱ्या सकाळी तिने टेबल खाली आणवलं, थेट मशीनशेजारी. आणि दिसू लागलं. प्रूफ तयार, पण तिच्या सहीसाठी पडून. कागदाच्या कोठीची किल्ली तिच्या पर्समध्ये, आणि पर्स तिच्यासोबत बँकेत. प्रती कमी भरल्या की बाई फाडून खातात, म्हणून जो तो भीतीपोटी जास्तच छापत होता. ढिगातला निम्मा कागद तिच्या धाकाचा होता. आठवडाभर ती हे टिपत राहिली. मग किल्ली लुबोवाकडे गेली, आणि प्रूफवर सही करायचा अधिकार प्लेट बनवणाऱ्या नामुलीकडे.

खरी कसोटी लागली ती चर्चच्या भजनपुस्तकांच्या वेळी. पाद्रीबाबा स्वतः न्यायला आले होते, बाहेर गाडी उभी. तेवढ्यात लुबोवाने मशीन बंद केलं.

"हे काय? रविवारी बिशप येतायत!" पाद्रीबाबा उठले.

लुबोवाने नालोंगोकडे पाहिलं. तिच्या ओठांवर जुनी शिवी आलीच होती. ती तिने गिळली.

"का थांबवलंस रे?"

"हिरवा रंग फाटतोय, तुटक उमटतोय. सिलिंडरवरचं रबर दबलंय, बदलावं लागेल."

"मग बदल." ती पाद्रीबाबांकडे वळली. "माझ्या माणसाने थांबवलंय म्हणजे कारण आहे, बाबा. बसा, चहा घ्या. फाटक्या रंगाची पुस्तकं मी तुम्हाला देणार नाही."

बाबा कुरकुरत बसले. संध्याकाळी पुस्तकं चाळताना मात्र त्यांची कुरकूर थांबली. त्या दिवसापासून खोट दिसली की नामुलीसुद्धा बेधडक मशीन थांबवायला सांगू लागली, आणि रद्दी खरोखरच घटली.

पलीकडच्या छापखान्याचे मालक एकदा आले. "माझी माणसं ऐकतच नाहीत हो. येऊन जरा दम द्या त्यांना."

"येते की," नालोंगो म्हणाली. "पण आधी सांगा, तुम्ही बसता कुठं?"